देवडीवरचे मौन

राजकन्येच्या महालाबाहेर खडा पहारा देणारा, जिभेने तिखट, निष्ठेने अढळ आणि मनातल्या मनात तिच्यावर अनुरक्त असलेला अंगरक्षक हे पात्र कथावाङ्मयात इतक्या वेळा येऊन गेले आहे की, तो बोलत का नाही हा प्रश्न विचारण्याची आवश्यकताच वाचकाला वाटेनाशी झाली आहे. उत्तर जणू ठरलेलेच आहे: ती उच्चकुलीन, तो चाकरीचा माणूस, ती गादीवर, तो देवडीवर, तेव्हा ओठ शिवून घेण्यावाचून त्याला गत्यंतर काय? या उत्तरात करुणरस भरपूर असल्यामुळे ते लोकप्रिय झाले. परंतु ते मला अपुरे वाटते आणि काही अंशी अनिष्टही वाटते. अपुरे अशासाठी की, त्या पुरुषाच्या हातातली तलवार त्यात कोणी पाहतच नाही. आणि अनिष्ट अशासाठी की, जे मौन एका मनुष्याने दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची बूज राखण्यासाठी पत्करावे, ते कुळाच्या उच्चनीचतेचा पुरस्कार करणाऱ्यांच्या पदरात फुकट पडते. रक्षकाने पहाऱ्यावर असताना आपले प्रेम बोलून दाखवू नये, हे मला मान्य आहे. परंतु त्याचे कारण त्याची कनिष्ठता हे नसून त्याची सत्ता हे आहे. ज्या घटकेला ती त्याच्या पहाऱ्यात असते, त्या घटकेला दोघांत बलवत्तर तोच असतो.

हा विचार पूर्णा गावाच्या संदर्भात करण्यात औचित्य आहे. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले की काल्हेरच्या पुढे हे गाव लागते. या पंचक्रोशीत राजवाडा नाही. परंतु परस्त्रीच्या सन्मानाविषयी महाराष्ट्रात घरोघर सांगितल्या जाणाऱ्या दोन आख्यायिका याच परिसराच्या दोन अंगांना जन्मल्या आहेत. एका अंगाला कल्याण. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने आदिलशाहीकडून कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि त्या विजयाला सुभेदाराच्या सुनेची कथा कायमची जोडली गेली: आबाजी सोनदेवांनी ती लावण्यवती स्त्री दरबारात पेश केली आणि महाराजांनी तिला मातेसमान लेखून, वस्त्रालंकार देऊन, तिच्या आप्तांकडे परत रवाना केले. दुसऱ्या अंगाला वसई. ज्या मोहिमेच्या सिद्धतेत पूर्णा गावाच्या जवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक प्रथमपासून झटत होते, ती मोहीम १७३७ साली सुरू होऊन १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाल्यावर संपली. आणि त्या विजयालाही एका पोर्तुगीज स्त्रीला सन्मानाने परत पाठविल्याची तशीच कथा लोकांनी जोडली. या कथांना समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, असे इतिहाससंशोधक सांगत आले आहेत, आणि त्यांचे म्हणणे मानलेच पाहिजे. तथापि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट सांगितली, तिच्यातून त्यांचा आदर्श तरी निश्चित कळतो. आणि आदर्श काय आहे इतकेच कळून थांबू नये, त्यात काय वगळले आहे तेही पाहावे.

वगळला आहे तो परत पोहोचविणारा शिपाई. कल्याणच्या कथेत महाराज एकदाच बोलतात, ते वाक्य अजरामर होते आणि पडदा पडतो. परंतु त्या वाक्यानंतर कोणीतरी मेणा उचलला असला पाहिजे, कोणीतरी त्याच्या दांडीशी चालला असला पाहिजे, आणि कल्याणापासून विजापूरच्या मुलखापर्यंतचा घाटावरचा तो सर्व प्रवास, चौक्या, नदीउतार आणि मुक्काम त्याने पार पाडले असले पाहिजेत. रात्रीचा तळ कोठे पडावा, पाणी कोणत्या विहिरीवर घ्यावे, वाटेत कोणी अडविल्यास काय सांगावे, मेण्याचा पडदा कोणापुढे उघडावा आणि कोणापुढे उघडू नये, हे सर्व हुजुरातून ठरत नव्हते. हुजूर मागे राहिले होते. ते ठरविणारा मनुष्य दरमहा अल्प वेतन घेणारा, बहुधा निरक्षर असा एक शिपाई होता, आणि त्या बाईच्या प्राणांचा, अब्रूचा व पुढच्या आयुष्याचा मुखत्यार त्या काही दिवसांपुरता तोच होता. अशा शिपायाच्या मनात त्या वाटेवर अनुराग उत्पन्न झाला असता, तर त्यात काही पातक नव्हते. मनावर कोणाचा अंमल चालत नाही. परंतु घाटाच्या माथ्यावर, काळोख पडत असताना, त्याने तो शब्दांनी प्रकट केला असता, तर त्या बाईच्या उत्तराला काय मोल उरले असते? तिने होकार दिला असता, तर तो भयाचा की प्रीतीचा हे तिचे तिलाही उमगले नसते. आणि नकार द्यायचा तर उद्याची वाट त्याच्याच हाती होती. जिच्या नकाराची किंमत तिला स्वतःच्या सुरक्षिततेने मोजावी लागते, तिच्यापुढे केलेली प्रेमाची याचना कितीही कोमल असली तरी तिला तगाद्याचेच रूप येते. माझ्या मते या कथेचा खरा कस त्या अनामिक शिपायाच्या वाटचालीत लागतो. दरबारात औदार्य दाखविणाऱ्या राजाला शेकडो साक्षीदार असतात. घाटात मौन पाळणाऱ्या शिपायाला एकही नसतो.

पहारेकऱ्याच्या हातात किती सत्ता असते, हे मराठ्यांच्या इतिहासाने एकदा फार भयंकर रीतीने पाहिले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो बाहेरून चालून आलेल्या शत्रूने केला नाही. वाड्याच्या बंदोबस्तासाठी ज्यांना पगार मिळत होता, त्या गारद्यांनीच तो केला. थकलेल्या पगाराची तक्रार, रघुनाथरावांच्या पक्षाची चिथावणी, गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग याचे साहस ही कारणे सर्वश्रुत आहेत. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी असलेली साधी गोष्ट अशी की, दाराची किल्ली ज्याच्याजवळ असते त्याच्यापासून दार कोणीच वाचवू शकत नाही. आणि त्याच दिवशी, त्याच वाड्यात, चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्याच्या देहावर आपला देह पसरून गारद्यांचे वार अंगावर घेतले व तो धन्याबरोबरच मेला. गारदीही चाकर, टिळेकरही चाकर. दोघांच्या हुद्द्यांत असे कोणते आकाशपाताळाचे अंतर होते? मनुष्याला दुसऱ्याच्या रक्षणाचे काम दिले म्हणजे त्याच्या हाती अभयही जाते आणि विश्वासघातही जातो, आणि त्यांपैकी कोणते बाहेर पडेल हे शेवटी त्याच्या अंतःकरणावर अवलंबून राहते. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही आपली म्हण कृतज्ञतेची म्हणून आपण उच्चारतो. पण ज्याच्या असण्याने शिवा वाचला, त्याच्या फिरण्याने काय झाले असते, हा विचारही तीत दडलेला आहे.

राजसत्तांना हे पूर्ण ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी रक्षकाच्या मौनावर कधी विसंबून राहायचे ठरविले नाही. सुलतानांच्या आणि बादशहांच्या जनानखान्यांवर खोजे नेमले जात, म्हणजे प्रेम उद्भवण्याची शक्यताच शस्त्राने छाटून टाकून मग त्या मनुष्याला निष्ठावंत म्हटले जाई. क्रौर्याचा हा प्रकार इतका नित्याचा झाला होता की, त्याची नोंद दप्तरांत एखाद्या कारखान्याच्या नोंदीसारखी निर्विकारपणे होत असे. संस्कृत नाटककार यापेक्षा दयाळू होते. त्यांनी अंतःपुराचा रक्षक म्हणून कंचुकी हे पात्र योजिले आणि त्याला वृद्ध केले, म्हणजे जे काम तिकडे सुरी करी ते इकडे वयाने केले. तिसरा मार्ग स्त्रियांनाच शस्त्रे देण्याचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शय्येवरून उठलेल्या राजाभोवती धनुर्धारी स्त्रियांचा गराडा असावा असे सांगितले आहे, आणि थेट १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईपर्यंत निजामाच्या लष्करात स्त्रियांच्या पलटणी होत्या. या तिन्ही योजनांतून एकच अविश्वास व्यक्त होतो: पुरुष बलवान असेल, तरुण असेल आणि रक्षणावर नेमलेला असेल, तर तो स्वतःहून स्वतःला आवरील असे राजनीतीला वाटत नव्हते. म्हणून जेव्हा एखादी कथा असा पुरुष आपल्यापुढे आणते की जो तरुण आहे, पूर्णांग आहे, प्रेमातही आहे आणि तरीही स्वतःच्याच निश्चयाने अबोल आहे, तेव्हा ती कथा हजारो वर्षांच्या राजव्यवहाराला प्रत्युत्तर देत असते. या पात्राची थोरवी त्याच्या व्याकुळतेत आहे असे सामान्यतः समजले जाते. मला ती या प्रत्युत्तरात दिसते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म विचार व्यासांनी केला आहे, आणि तो विराटपर्वात आहे. अज्ञातवासाच्या वर्षात अर्जुन बृहन्नडा होऊन मत्स्यराजाच्या अंतःपुरात राजकन्या उत्तरेला नृत्यगायन शिकवीत होता. कौरवांनी गाई वळविल्या, उत्तर राजपुत्राला सारथी हवा झाला आणि बृहन्नडेला बोलावणे आले, तेव्हाचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. ज्याने खांडववन जाळले, ज्याने किराताशी झुंज दिली, तो पुरुष त्या मुलींच्या समोर चिलखत उलटेसुलटे अंगावर चढवितो, आणि त्या सगळ्या खदखदून हसतात. मग उत्तरा व तिच्या सख्या त्याला सांगतात की, भीष्म-द्रोणादिकांना जिंकलेस म्हणजे आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची रंगीत, मऊ वस्त्रे घेऊन ये. तो ते मान्य करतो. आणि युद्धात भीष्मांवाचून सर्व महारथी मूर्च्छित पडले असताना, ज्या क्षणी दुसऱ्या कोणालाही स्वतःच्या पराक्रमापुढे बाहुल्या आठवल्या नसत्या, त्या क्षणी तो उत्तराला द्रोण-कृपांची शुभ्र, कर्णाची पिवळी आणि अश्वत्थामा-दुर्योधनाची निळी वस्त्रे उतरवून घ्यावयास सांगतो. स्वतःला हास्यास्पद करून घेणे आणि दिलेला क्षुल्लक शब्द प्राणसंकटात पाळणे, या दोन गोष्टींत रक्षकाच्या स्नेहाचे संपूर्ण व्याकरण आले आहे.

पुढे अज्ञातवास संपतो, ओळख पटते आणि विराट राजा उत्तरा अर्जुनाला देऊ करतो. येथे कसलाही अडथळा नव्हता: वर क्षत्रिय, पिता राजी, राज्याला सोयरीक हितकारक. उत्तरेविषयी अर्जुनाच्या मनात काय होते हे व्यासांनी सांगितलेले नाही आणि आपणही त्यांच्या वतीने सांगू नये. पण अर्जुन तिला पत्नी म्हणून नाकारतो आणि अभिमन्यूसाठी स्नुषा म्हणून स्वीकारतो. आणि त्याचे कारण तो स्पष्ट देतो. वर्षभर मी तिच्या अंतःपुरात राहिलो, तिने एकांतात आणि लोकांत माझ्यावर पित्यासारखा, आचार्यासारखा विश्वास ठेवला. आता मी तिला वरले तर त्या वर्षाविषयी लोकांना शंका येईल, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. म्हणजे विश्वास एका नात्याने मिळवावा आणि त्याचे फळ दुसऱ्या नात्याने घ्यावे, हा व्यवहार त्याला निषिद्ध वाटला. हाच अर्जुन पूर्वी द्वारकेत यतीचा वेष घेऊन सुभद्रेसाठी राहिला होता, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणल्यापासून मराठी प्रेक्षकांनी त्या वेषांतरावर मनापासून प्रेम केले आहे. दोन्ही ठिकाणी पुरुष तोच, वेषांतर तेच, राजगृह तसेच. मग एक प्रणय रम्य आणि दुसरा अशक्य का? द्वारकेत तो प्रियकर म्हणूनच आला होता, आणि सुभद्रेचे मन त्याच्याकडे आधीच लागले होते. विराटाच्या घरी त्याच्यावर मुलगी सोपविलेली होती. हा भेद कुळाचा नाही, वर्णाचा नाही, वयाचाही मुख्यतः नाही; तो सोपविलेपणाचा आहे. आमच्या सर्व शृंगारविवेचनात, नायकनायिकांच्या सर्व प्रकारभेदांत, या भेदाला जितके स्थान मिळावयास हवे होते तितके मिळाले नाही, याचे मला वाईट वाटते.

आता त्या तिखट जिभेविषयी. मौन पाळणारा हा मनुष्य मुका नसतो. उलट तो फार बोलतो, आणि जे बोलतो ते टोचणारे असते. हा विरोधाभास वरवरचा आहे. आमच्या खाडीकाठच्या खारबंदिस्तीला उघाडी ठेवलेली असते. ओहोटीला शेतातले साचलेले पाणी ती बाहेर सोडते आणि भरती आली की खारे पाणी आत येऊ नये म्हणून आपोआप मिटते. रक्षकाचा उपरोध नेमके हेच काम करतो: आतला दाब त्यातून वाहून जातो आणि बांधही फुटत नाही. शिवाय त्या उपरोधाचा लाभ तिलाही आहे. ज्याच्या प्रत्येक शब्दात आर्जव आहे, त्याचे देणे आपण लागतो अशी जाणीव मनुष्याला होत राहते. जो टोमणे मारतो त्याच्यापाशी ती मोकळी असते, कारण त्याच्या सेवेची परतफेड तिच्याकडून कोणी मागत नाही. संस्कृत नाटकाने राजाला विदूषक दिला, म्हणजे ज्याला राजाची थट्टा करण्याचा परवाना आहे असा एक मित्र दिला. राजकन्येला मात्र सख्या दिल्या, आणि त्या सख्या बहुधा तिच्याच मनातले बोलतात. स्तुतिपाठकांनी वेढलेल्या त्या मुलीला खरे सांगणारा पुरुष नाटकाने दिला नाही. पुढच्या काळातील कथाकारांनी तो देवडीवर शोधला, आणि तेथे तो सापडणे स्वाभाविक होते.

प्रत्यक्ष इतिहासात याचे जवळचे उदाहरण इंग्लंडच्या राजघराण्यातले आहे. १८६१ मध्ये पतीच्या निधनाने खचलेल्या व्हिक्टोरिया राणीची सेवा जॉन ब्राऊन नावाच्या स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील एका चाकराकडे आली. त्याची वाणी खडबडीत होती. दरबारी लोक ज्या राणीपुढे नजर वर करीत नसत, तिला तो नीट उभे राहा, पांघरूण नीट घ्या असे दरडावीत असे, आणि ती ते ऐकत असे. १८७२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यापाशी आर्थर ओकॉनर नावाचा तरुण पिस्तूल घेऊन तिच्या गाडीजवळ आला, तेव्हा त्याला धरणारा ब्राऊनच होता. तो १८८३ मध्ये वारला. आणि राणी १९०१ मध्ये वारली, तेव्हा तिच्या पूर्वसूचनेप्रमाणे तिच्या वैद्याने ब्राऊनचे छायाचित्र आणि त्याच्या केसांची बट तिच्याबरोबर शवपेटीत ठेवली. त्या दोघांमध्ये काय होते यावर कुजबुज करणाऱ्यांनी पुष्कळ कागद काळे केले. मला त्यात रस नाही. साम्राज्यातील कोट्यवधी माणसे जिच्याशी वाकून बोलत होती, तिला एक मनुष्य सरळ उभा राहून बोलणारा लाभला, आणि त्या बोलण्यावर तिचे जीवन काही वर्षे तरले, इतके पुरेसे आहे.

परंतु उपरोधालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा समजण्यासाठी बकिंगहॅमपर्यंत जाण्याचे कारण नाही. काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी आता गोदामांची रांग उभी आहे. मुंबईच्या घराघरांत पोहोचणारा माल येथे उतरतो, मोजला जातो, पुड्यांत बांधला जातो, आणि त्या कामावर शेकडो मुली येतात. प्रत्येक गोदामाच्या फाटकावर प्लास्टिकच्या खुर्चीत एक वॉचमन असतो, खांद्याला शिट्टीची दोरी, पुढ्यात रेघा मारलेले रजिस्टर, त्यात गाडीचा नंबर, आत, बाहेर, सही. पाळी सुटते, मुली फाटकाशी येतात, बस उशिरा येते, आणि एखादा तरुण वॉचमन म्हणतो, "या राणीसाहेब! तुमची पालखी अजून नाक्यावरच अडकलीय, तोवर महालात बसा." मुली हसतात, एखादी "दादा, तुम्ही रजिस्टर बघा" असे ठणकावते, आणि तो रजिस्टरात डोके घालतो; मात्र बस येईपर्यंत तो खुर्चीत बसत नाही, रस्ता आणि त्या मुली यांच्यामध्ये उभा राहतो. आगरी गावांच्या या मुलखात माया तोंडाने गोड बोलत नाही हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. त्या तरुणाच्या मनात त्यांपैकी एकीविषयी काही असेल. असले तर ते त्याचे आहे. पण हे विसरता येत नाही की तिची येण्याजाण्याची वेळ त्याच्या वहीत आहे, ती एकटी कोणत्या दिवशी थांबली हे त्याला ठाऊक आहे, आणि फाटकाची कडी त्याच्या हाताने उघडते. म्हणून त्याची थट्टा बसवर, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर, सुपरवायझरवर, स्वतःवर चालते. तीच थट्टा ज्या दिवशी तिच्या कपड्यांवर, तिच्या फोनवर, तिला न्यायला आलेल्या मोटारसायकलवर वळते, त्या दिवशी पहारा संपतो आणि मालकी सुरू होते. हा फरक फार बारीक भासतो, पण ज्या मुलीला तो रोज सोसावा लागतो तिला तो मुळीच बारीक वाटत नाही. 'काळजीपोटी बोललो' या दोन शब्दांआड भावांनी, शेजाऱ्यांनी आणि रखवालदारांनी मुलींची किती मुस्कटदाबी केली आहे, हे आपण सर्वजण जाणतो.

मौनाचेही असेच आहे. ते नेहमीच निर्मळ असते असे नाही. १८९७ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये एदमों रोस्ताँ यांचे 'सिरानो द बेर्जेराक' हे नाटक प्रथम रंगले, आणि गुप्त प्रेमाचा तो जणू जगन्मान्य आदर्श होऊन बसला. सिरानो हा गॅस्कनी पथकातला शिपाई, तलवारीचा आणि जिभेचा सारखाच धनी, मोठ्या नाकामुळे स्वतःला कुरूप समजणारा. तो रोक्सानवर प्रेम करतो आणि ते न सांगता देखण्या पण शब्ददरिद्री ख्रिस्तियानच्या नावाने तिला पत्रे लिहितो. ख्रिस्तियान युद्धात मरतो, आणि पुढे चौदा-पंधरा वर्षे सिरानो मठात राहणाऱ्या रोक्सानला दर आठवड्याला भेटून बातम्या सांगत राहतो. सत्य उघड होते ते त्याच्या मरणाच्या दिवशी. प्रेक्षक रडतात, आणि रडावे असेच ते आहे. पण सिरानोने एक अपराध केला आहे, आणि त्याच्या वाग्वैभवाने दिपून आपण तो पाहत नाही: आपण कोणाच्या मनावर प्रेम करीत आहोत हे जाणण्याचा रोक्सानचा अधिकार त्याने हिरावून घेतला. त्याचे मौन हे मौन नव्हतेच. दुसऱ्याच्या तोंडातून तो अखंड बोलत होता. विराटाच्या घरी अर्जुनानेही खरे नाव लपविले होते, परंतु त्या लपवाछपवीतून त्याने उत्तरेच्या हृदयावर हक्क सांगितला नाही. रक्षकाने बोलू नये, याचा अर्थ त्याने आडवाटेने मिळवावे असा होत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणी म्हणेल की, ज्या समाजाने गरिबाला, चाकराला, खालच्या मानलेल्या जातीच्या तरुणाला शतकानुशतके तोंड बंद ठेवायला लावले, त्याच समाजात मौनाची थोरवी गाणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. राजकन्येवर प्रेम करण्याबद्दल ज्यांची डोकी उतरली, त्यांना आणखी संयमाचा उपदेश कशाला? हा आक्षेप मला शिरोधार्य वाटतो, आणि म्हणूनच मी आरंभापासून सत्ता आणि कनिष्ठता यांची फारकत करीत आलो आहे. मौन जर कुळामुळे असेल तर ते जन्मभराचे असते; ते जर पहाऱ्यामुळे असेल तर पहाऱ्याबरोबर संपते. चौकी बदलली, हत्यार जमा केले, हजेरीपटावरून नाव कमी झाले, तिचे सुरक्षित राहणे आता त्याच्या मर्जीवर अवलंबून उरले नाही, की त्या क्षणापासून तो एक स्वतंत्र मनुष्य आणि ती दुसरी. मग त्याने बोलावे, दिवसाढवळ्या बोलावे, आणि तिने होय म्हणावे किंवा नाही म्हणावे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९११ च्या 'मानापमाना'त श्रीमंत भामिनी दरिद्री म्हणून धैर्यधराचा अव्हेर करते, आणि तिचे प्रेम जुळते ते ती वनमालेच्या वेषाने, वडिलांचे वैभव मागे ठेवून, त्याच्या सहवासात येते तेव्हा. तेथे हत्यार टाकण्याचे काम तिने केले आहे, कारण त्या जोडीत बळ तिच्या बाजूला होते, संपत्तीचे आणि अपमान करण्याचे. ज्याच्याकडे बळ अधिक, त्याने ते आधी खाली ठेवावे, हा नियम मला दोन्ही बाजूंना सारखाच लागू करावासा वाटतो.

आणि बोलल्यानंतर जर तिचा बाप, तिची भावकी किंवा त्याचा मुकादम आडवा आला, तर तेथे मौनाचा प्रश्नच संपला. तेथे जुलूम सुरू झाला, आणि त्या जुलमाची बाजू घेण्यासाठी रक्षकधर्माचे नाव कोणी वापरू नये. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार केला. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाने त्यासाठी सरकारी दार उघडून दिले. आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे व मानमरातब रद्द झाले, तेव्हापासून या देशात कायद्याच्या दृष्टीने राजकन्या कोणी उरलीच नाही. पहारेकरी मात्र उरले, आणि वाढले. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण करणारा अधिनियम केला, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे झाली, वेतन, रजा, भविष्यनिर्वाह यांची काही व्यवस्था झाली. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती घ्यावी आणि तिच्या प्रतिष्ठेचे, सुरक्षिततेचे रक्षण व घरी पोहोचविण्याची सोय मालकाने करावी, असे बंधन घातले. संमती आणि रक्षण एकाच कलमात शेजारी ठेवणाऱ्या त्या अज्ञात मसुदाकाराविषयी मला आदर वाटतो. विराटपर्वात जे अर्जुनाने जाणले होते, ते त्याने कायद्याच्या रुक्ष भाषेत आणून बसविले.

उणीव राहिली आहे ती पुढची. बाईच्या संमतीची नोंद मालकाच्या दप्तरी होते, परंतु ज्याच्या भरवशावर ती रात्री बाहेर पडते त्या रक्षकाला, त्याच्या हाती कोणते बळ दिले आहे आणि त्याच्याकडून कोणता आवर अपेक्षित आहे, हे सांगण्याची तसदी कोण घेते? त्याला अग्निशामक नळकांडे कसे फोडावे ते शिकवितात, रजिस्टर कसे भरावे ते शिकवितात, फाटकावर मोठ्या साहेबांना सलाम कसा ठोकावा तेही शिकवितात. त्याच्या मनाचे शिक्षण मात्र चित्रपटांनी करायचे, आणि त्या चित्रपटांतील कितीतरी नायक नकार ऐकूनही तिचा पाठलाग सोडीत नाहीत. सुरक्षा रक्षक मंडळांनी आणि खासगी एजन्सींनी नेमणुकीच्या वेळी या विषयावर एक दिवस तरी खर्च करावा. त्यात सुभेदाराच्या सुनेची कथा सांगावी, पण ती दरबारापाशी न थांबविता घाटातल्या शिपायापर्यंत न्यावी. आणि हेही सांगावे की तुझी बदली दुसऱ्या गोदामावर झाल्यावर तुला त्या मुलीला चहाला बोलाविण्याची मुभा आहे, तिला न येण्याची मुभा आहे, आणि ती आली व पुढे दोघांचे जुळले, तर ठाण्याच्या विवाह निबंधकांच्या कचेरीत तीस दिवसांची नोटीस देण्यासाठी तुला तुझ्या ठेकेदाराची अथवा तिला तिच्या काकांची परवानगी लागत नाही.